सुट्टीतला विहार

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला तो ‘बालसंस्कार शिबिर : अनुभव आणि पुढील वाटचाल’. किती मुलं आली, तांदूळ किती लागला, देणगी कोणाची, हा सगळा अहवाल सचिवांनी आत्ताच वाचला. ते पुन्हा सांगत बसत नाही. मे महिन्यातल्या त्या दहा दिवसांत मी काय पाहिलं तेवढं सांगतो, आणि तुमच्याकडे एक मागणं आहे ते मागतो.

त्रिशरण-पंचशील झालं की शिबिराची सुरुवात आम्ही एका गोष्टीने करतो. गोष्ट खरी आहे. बाबासाहेबांनी ती स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने. साल १९०१. भीमराव नऊ वर्षांचे. वडील नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी, मुलं साताऱ्याला. वडिलांनी पत्र पाठवलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत इकडे या. पोरांना कोण आनंद! नवे कपडे, जरीच्या टोप्या, आयुष्यातला पहिला रेल्वेचा प्रवास. मसूर स्टेशनवर उतरली, पण न्यायला कोणी आलेलंच नाही. उलट टपालाने पाठवलेलं पत्र वडिलांच्या हाती पडलंच नव्हतं. स्टेशनमास्तरने आधी प्रेमाने चौकशी केली; जात कळली आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं, आणि अट अशी, की गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. जवळ डबा भरलेला, पण प्यायला पाणी नाही म्हणून सगळी रात्रभर उपाशी.

ही गोष्ट संपली की विहारात सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते. मग मी विचारतो, “तुम्ही त्या स्टेशनवर असता तर काय केलं असतं?”

यंदा पहिलं उत्तर आलं, “मोबाईल लावला असता.” सगळे हसले. मी म्हटलं, मोबाईल नाहीच असं धर. मग कोणी बोलेना. बऱ्याच वेळाने रोह्याची एक सहावीतली मुलगी म्हणाली, “आधी सगळ्यांनी एका जागी बसायचं. लहान आहे त्याला रडू द्यायचं नाही. मग एकाने विचारायला जायचं, दोघांनी सामानाजवळ थांबायचं.”

बंधू-भगिनींनो, या पोरीला वर्गात किती गुण पडतात मला ठाऊक नाही. पण संकटात कसं वागायचं हे तिला कळतं.

दुसऱ्या दिवशी पेणच्या मुलांना आम्ही रोह्याला नेलं, दिवा-रोहा गाडीने. कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. अंतर ते केवढं! पण नियम असा केला की पाच-पाच मुलांचा गट, तिकीट त्यांनीच काढायचं, सुटे पैसे त्यांनीच मोजून घ्यायचे, मोठ्या माणसाने मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. हे शेवटचं फार कठीण हो! नववीतला एक हुशार मुलगा, पाढे तोंडपाठ, खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. कोणीतरी मध्ये घुसलं, आणि याला “काका, रांगेत या” एवढं म्हणता येईना. डोळ्यांत पाणी. त्याच गटात चौथीतली एक मुलगी होती, तिची आई बाजारात सुकट घेऊन बसते. तिने पुढे होऊन तिकीट काढलं, पैसे मोजले, दोन रुपये कमी आले तर तेही मागून घेतले. परत येताना खिडकीवर त्या मुलालाच उभं केलं. दोनदा अडखळला, पण बोलला.

याला हल्ली जीवनकौशल्य म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात अशी दहा कौशल्यं सांगितली. स्वतःची ओळख, दुसऱ्याचं दुःख समजणं, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, नीट बोलणं-ऐकणं, नाती सांभाळणं, राग-लोभ आवरणं, ताण सोसणं, चिकित्सा करणं, नवं काही सुचणं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ही यादी आम्ही फळ्यावरून उतरवून घेतली. उतरवताना मला सारखं वाटत होतं, हे आपल्या घरातलंच सामान आहे, पत्र्याच्या पेटीत ठेवून आपण विसरलो आहोत.

मज्झिमनिकायात राहुलाला केलेला उपदेश आहे. राहुल तेव्हा सात वर्षांचा होता असं परंपरा सांगते. म्हणजे आपल्या दुसरीतल्या मुलाएवढा. तथागतांनी त्याला मोठं व्याख्यान दिलं नाही. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेलं थोडं पाणी दाखवलं, ते ओतून टाकलं, भांडं पालथं केलं. जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याचं असं होतं, हे त्याला डोळ्यांनी पाहू दिलं. मग विचारलं, आरसा कशासाठी असतो? पोर म्हणालं, पाहण्यासाठी. तसंच प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि करून झाल्यावर तपासून पाहावं. याने मला त्रास होईल का, दुसऱ्याला होईल का? निर्णय कसा घ्यावा याचा यापेक्षा सोपा धडा मी तरी पाहिलेला नाही. शिबिरात आम्ही तसंच एक भांडं ठेवतो. भांडण झालं की दोघांनी भांड्यापाशी बसायचं. कोण चुकलं ते आम्ही विचारत नाही. आधी मनात काय होतं आणि नंतर काय झालं एवढंच त्यांनी सांगायचं.

तसंच दीघनिकायातलं सिगालोवाद सुत्त. त्यात मित्र नसून मित्र असल्यासारखे वागणारे चार प्रकार सांगितले आहेत : नुसतं घेणारा, नुसतं बोलणारा, तोंडपुज्या, आणि वाईट नादाला सोबत करणारा. याची मुलांनी नाटुकली केली. चौथ्या प्रकाराचं नाटक मोठ्या मुलांनी केलं. गुटख्याची पुडी, टपरी, “एकदा खाऊन तर बघ”. इतकं हुबेहूब केलं की मागे बसलेल्या आम्हा मोठ्यांना घाम फुटला. त्यांनी हे कुठे पाहिलं, असं कोणी विचारू नका. आपल्याच नाक्यावर पाहिलं.

आता आमची चूक सांगतो, कारण वर्धापनदिनाला नुसतं कौतुक करायची आपल्याला सवय लागली आहे. पहिल्या वर्षी आम्ही शिबिर म्हणजे पाठांतराची स्पर्धाच केली होती. बावीस प्रतिज्ञा कोण न अडखळता म्हणतो, गाथा कोणाच्या पाठ आहेत, त्याला बक्षीस. एक मुलगा मंचावर आला, अर्ध्यात अडकला, पुढची मुलं हसली. तो जो खाली उतरला तो थेट घरी. दुसऱ्या दिवशी आला नाही, पुढच्या वर्षीही नाही. प्रतिज्ञा पाठ असाव्यात, वादच नाही. पण ज्या विहारात पोर अडखळलं म्हणून हसलं जातं, तिथे ते पोर परत कशाला येईल? तेव्हापासून बक्षिसं बंद केली. काहींना ते अजून पटलेलं नाही, मला माहीत आहे.

त्यानंतरची गोष्ट. एक आई आली, दाराशीच उभी राहिली. म्हणाली, “गुरुजी, माझा मुलगा कोणाशी बोलत नाही, मोठा आवाज झाला की कान दाबून धरतो. पाठवू का? तुमच्या कार्यक्रमात गोंधळ घालील.” आम्ही त्याला घेतलं. पहिल्या दिवशी लाउडस्पीकर लागला आणि तो खांबाआड जाऊन बसला. खोलीभर मुलांसाठी लाउडस्पीकर हवाच कशाला? बंद केला. रोज सकाळी दिवसभराचा क्रम चित्रं काढून भिंतीवर लावला, पुढे काय होणार हे त्याला आधी कळावं म्हणून. त्याचा फायदा सगळ्यांनाच झाला. माठातलं पाणी भरायचं आणि पेले मोजायचे हे काम त्याला दिलं. एकही पेला हरवला नाही! तो बरा झाला, बोलू लागला, असं काही मी सांगणार नाही. तो आजही फार बोलत नाही. पण आठव्या दिवशी एक लहान मुलगी रडत होती, तिच्यापुढे त्याने पाण्याचा पेला नेऊन ठेवला. त्याची आई स्वयंपाकाला आली होती, तिने ते पाहिलं.

भांड्यांचंही सांगितलं पाहिजे. जेवल्यावर मुलगे आणि मुली दोघांनी भांडी घासायची, झाडायचं, हा नियम. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले, “माझ्या मुलाला तुम्ही भांडी घासायला बोलावलंत काय?” मी म्हटलं, हो, आणि उद्या तुम्हीही या, राख कमी पडतेय. ते आले नाहीत. मुलगा मात्र दहाही दिवस आला.

एक दिवस कुड्याच्या लेण्यांचा असतो. मांदाडच्या बाजूला, राजपुरीच्या खाडीवर डोंगरात कोरलेली, पंचवीसहून अधिक लेणी आहेत. आपल्या रोह्यातली कित्येक मंडळी उभ्या जन्मात तिथे गेली नसतील. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आणि धंदे कोरले आहेत. महाभोज घराण्यातली माणसं आहेत, पण वैद्य आहे, लेखनिक आहे, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, आणि एक भिक्षुणीही आहे. मुलांना हे सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, “माळ्याने एवढी गुंफा दिली?” हो बाळा, माळ्याने दिली. फुलं विकून दिली असेल. मग परतीच्या वाटेवर पोरं आपापसात ठरवत होती, आपण विहाराला काय द्यायचं. कोणी म्हणे पंखा, कोणी म्हणे पुस्तकं.

आपला रायगड जिल्हा महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाचा. त्याची जुळवाजुळव करणारे दासगावचे रा. बा. मोरे. शिष्यवृत्ती मिळूनही या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्या एवढ्याशा पोराने स्वतः तक्रार लिहिली आणि प्रवेश मिळवला. म्हणून शिबिरात प्रत्येक मुलाने एक अर्ज लिहायचा असतो. खोटा नाही, खरा. यंदा आठ मुलांनी नळाच्या पाण्याबद्दल लिहिला, नेऊनही दिला. पोच घेतली. नळाचं अजून काही झालेलं नाही, पण पोच मुलांनी जपून ठेवली आहे, आणि पुढच्या महिन्यात आठवण करायला जाणार आहेत.

आता मागणं. आपला विहार १४ एप्रिलला उघडतो, बुद्ध पौर्णिमेला उघडतो, वर्षावासात ग्रंथवाचनाला उघडतो. मे महिन्यात, जेव्हा मुंबईची मुलंही गावी येतात आणि सगळी पोरं दुपारभर मोकळी असतात, तेव्हा कुलूप. कुंडलिकेवर आणि भोगावतीवर पोहायला न सांगता जाणारी मुलं याच दिवसांत जातात. छताच्या कामासाठी निधी जमतो आहे, चांगलंच आहे. पण पुढच्या वर्षी दहाऐवजी पंधरा दिवस दार उघडं ठेवायचं तर रोज दोन मोठी माणसं लागतात. एक पुरुष, एक बाई. एकट्या माणसाच्या हवाली मुलं करायची नाहीत, तो कितीही ओळखीचा असो, हा आमचा पक्का नियम आहे. मुलावर हात उचलायचा नाही, हा दुसरा. पंधरा दिवसांची तीस नावं. मागच्या खांबाजवळ वही ठेवली आहे. आतापर्यंत अकरा नावं आली आहेत, त्यांतली आठ महिला मंडळाची. आणि ज्यांची मुलगी आठवीच्या पुढे गेली म्हणून घरात बसवली आहे, त्यांनी तिला मुलांच्या नव्हे, गटप्रमुखांच्या यादीत लिहावं.

वही मी जेवणं होईपर्यंत ठेवतो.

जयभीम. नमो बुद्धाय.