उपग्रहाचं चित्र आणि बायकांचं पाणी
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, उपग्रह म्हटलं की हा आपला विषय नव्हे, असं बऱ्याच जणींना वाटतं. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मलाही हे कुणी शिकवलं नव्हतं. पण उजनी धरणाच्या काठच्या बायका सांगतात, पाणी हिरवं झालंय, धुणं धुतलं की हातापायाला खाज सुटते. कचेरीत विचारतात, पुरावा काय? बाईचं अंग हा पुरावा धरत नाहीत, हे मारहाणीच्या तक्रारींतही आपण पाहतोच. म्हणून ही चित्रं कामाची.

युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला उपग्रह २०१५ साली सोडला, दुसरा २०१७ साली. साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेचं चित्र मिळतं, तेही फुकट. शेवाळातलं हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि त्याच्या लगतचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा प्रकाश परत फेकतं. दोहोंची तुलना केली की शेवाळ कुठे दाटलंय ते कळतं. पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी भीमेतून उजनीत उतरतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर हे शेवाळ पोसतं. जुनी चित्रंही तारीखवार पाहता येतात. मग 'हे यंदाच झालं' म्हणून कुणाला सुटता येत नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत ईरी सरोवराकाठी टोलेडो शहर आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथल्या चार लाखांवर लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. नील-हरित शेवाळाचं विष पाण्यात उतरलं होतं. उकळूही नका, असंही बजावलं, कारण उकळल्याने हे विष जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं. आपण वर्षानुवर्षं बायकांना सांगतो, पाणी उकळून प्या. जंतूंसाठी ते बरोबरच आहे. या विषापुढे मात्र तिचं सरपणही वाया आणि श्रमही. त्या सरोवरावर उपग्रहाची नजर आधीपासून होती. पण विष सापडलं ते प्रयोगशाळेत.

उपग्रहाला रंग दिसतो. जुलाबाचे जंतू दिसत नाहीत, विष दिसत नाही. पावसाळ्यात ढग आड येतात. गावच्या लहान तळ्याच्या चित्रात काठची झाडंझुडपं मिसळतात. तेव्हा उद्या कुणी साहेब स्वच्छ चित्र दाखवून 'पाणी चांगलं आहे' म्हणाले, तर ऐकून घेऊ नका.

गटातल्या दोघी-तिघींनी वही घालावी: तारीख, घाट, पाण्याचा रंग, वास, कुणाला काय त्रास झाला. त्याच सुमाराच्या चित्रात शेवाळ दिसलं, तर त्या घाटावरचा नमुना तपासा, अशी लेखी मागणी ग्रामसभेत करावी. नमुना घेताना आपल्यातली एक जण हजर हवी. अहवालाची प्रतही मागून घ्यायची.

एक अडचण आहे. पाणी बिघडल्याची बोंब झाली की मासळीचा भाव पडतो, आणि तो मासळी विकणाऱ्या बाईच्याच पोटावर येतो. तिला न विचारता आपण ही चित्रं वर्तमानपत्रात द्यायची का? मला वाटतं, नाही. आधी तिच्याशी बोलायला हवं. भिगवणच्या बाजारात बसणाऱ्या बायकांची बैठक कधी घ्यायची, ते आज इथेच ठरवू या.