मक्याला युरिया कधी द्यावा?

नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात खरिपाचा मका आता गुडघ्याला लागला असेल. युरियाच्या दुसऱ्या हप्त्याची हीच वेळ आहे.

खरीप मक्याला हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस आहे. ते एकदम द्यायचे नाही. एक तृतीयांश पेरणीबरोबर, तेवढेच साधारण 30 दिवसांनी आणि उरलेले 40 ते 45 दिवसांनी, तुरा येण्याआधी द्यावे. युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणजे एका हप्त्याला एकरी 35 किलो युरिया लागतो. पेरणीला डीएपी वापरले असेल तर त्यातले नत्र पहिल्या हप्त्यातून वजा करा.

पहिल्या महिन्यात रोप नत्र फारच थोडे उचलते. मुळे छोटी असतात, आणि जोराचा पाऊस झाला की जास्तीचे नत्र पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जाते. महिन्यानंतर मात्र भूक झपाट्याने वाढते. कणसात दाण्यांच्या किती ओळी बसणार, हेही याच सुमारास ठरू लागते.

शेतात खालची पाने नीट बघा. शेंड्याकडून मधल्या शिरेलगत इंग्रजी 'व्ही'सारखा पिवळेपणा उतरत असेल, तर नत्र कमी पडले आहे.

आधी खुरपणी करून घ्या, नाहीतर खत तणच खाते. मग वाफशावर, रोपापासून चार बोटे लांब युरिया द्या आणि मातीआड करा. कोरड्या जमिनीवर उघडा युरिया फेकू नका, त्यातले नत्र हवेत उडून जाते. पोंग्यात तर दाणा पडू देऊ नका, पाने करपतात.