कोळशाच्या रेघा



निमंत्रणाचा फोन आला तेव्हा प्राचार्य म्हणाले होते, मुलांना करिअरबद्दल चार शब्द सांगा. तसं मी कागदावर लिहूनही आणलंय. पण मघाशी जिना चढताना मायक्रोबायोलॉजीच्या लॅबचं दार उघडं दिसलं. आत डोकावले, तर ऑटोक्लेव्हचा तोच ओला, उकडलेला वास. आता तो कागद पर्समध्येच राहू दे.

मी डोंबिवलीची. सगळं गाव सकाळी मुंबईकडे तोंड करून प्लॅटफॉर्मवर उभं असायचं आणि आम्ही पाच-सहा मैत्रिणी उलट्या दिशेने कल्याणला, याच कॉलेजात यायचो. बसायला जागा मिळायची, म्हणून जर्नल गाडीतच पुरं करायची सवय लागली. ठाकुर्ली गेलं की कल्याण येईपर्यंत निष्कर्ष लिहून मोकळ्या. लॅबमधले मामा प्लेट्स मांडून ठेवायचे, आम्ही बघायचो, गप्पा मारायचो आणि वाढ किती दिसली ते दुसऱ्या दिवशी आठवून लिहायचो. एकदा माझ्या सरांनी, आज ते इथे पहिल्या रांगेत बसलेत, माझं पान उघडलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे प्लेट समोर असताना लिहिलंस का?" मी म्हटलं, नाही सर. त्यांनी त्या पानावर तिरकी लाल रेघ मारली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. पुन्हा कर."

सर, त्या रेघेवर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे.

मी काय काम करते ते थोडक्यात सांगते. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर लहान मुलांना जुलाब होतात, त्यातले विषाणूमुळे कोणते, हे शोधायचं. पावसाळ्यातली हगवण सगळ्यांना ठाऊक असते. पण आपल्याकडे रोटाव्हायरसचा जोर थंडीत असतो. तुमच्या स्नेहसंमेलनाचे हे दिवस म्हणजे आमचे सर्वांत धावपळीचे दिवस. आधी उलट्या आणि ताप, मग पाण्यासारखी शी, दिवसातून दहा-पंधरा वेळा. टाळू बसते, डोळे खोल जातात. घरचे म्हणतात दात येतायत. हा विषाणू नुसत्या स्वच्छ पाण्याने अडत नाही. डोंबिवलीतल्या टॉवरमधल्या बाळाला आणि ठाकूरवाडीतल्या बाळाला तो सारखाच गाठतो. फरक पुढे पडतो. टॉवरमधलं बाळ रिक्षाने दहा मिनिटांत सलाइनपर्यंत पोचतं. पाड्यावरच्या आईला त्याला पोटाशी धरून आधी डांबरी रस्त्यापर्यंत चालावं लागतं. आणि ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत, जिथलं पाणी मुंबईला जातं, तिथल्याच कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हे मला अजून सहन होत नाही.

विषाणूबद्दल आणखी पुष्कळ सांगता येईल, पण मला दुसरं काही सांगायचंय. मुलांनो, जे दिसलं ते दिसताक्षणी लिहा. रात्री नको, घरी गेल्यावर नको.

माझ्या पहिल्या नोकरीत मी ते केलं नाही. एका दिवसात सतरा घरं केली आणि संध्याकाळी आसनगावला लोकलची वाट बघत आकडे भरले. शेजारशेजारच्या दोन घरांतली दोन बाळं, दोघांना जुलाब. कुणाला किती, याची माझ्याकडून अदलाबदल झाली. ज्या बाळाकडे दुसऱ्या दिवशी आधी जायला हवं होतं, त्याच्याकडे मी दुपारी पोचले. ते वाचलं. पण आईच्या मांडीवर ते ज्या तऱ्हेने पडलं होतं, ते मी विसरू शकत नाही.

त्यानंतर शहापूरच्या एका पाड्यावर मला एक बाई भेटल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या. बाळ आजारी होतं, म्हणून मी सांगून गेले होते, किती वेळा शी होते ते लक्षात ठेवा. सहाव्या दिवशी गेले तर चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा. एका दिवसाच्या एका ओळीत, दुसऱ्या दिवशीच्या त्याखाली. अकरा, सोळा, नऊ, तीन. रात्रीच्या रेघा त्यांनी आखूड काढल्या होत्या. पाचवी ओळ नव्हती. मी विचारलं, काल? म्हणाल्या, "काल नाय झाली." मी वहीत शून्य लिहिलं. पुढे शिमग्याला त्यांनी भिंत सारवली, रेघा गेल्या.

शून्यसुद्धा लिहायचं असतं. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांमध्ये रोटाव्हायरस सापडला, पण त्या बाळांना जुलाब नव्हते. काही झालंच नाही म्हणून ती नोंद कुणी सोडून दिली असती तर? डॉ. महाराजकिशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सोडली नाही. ११६ई नावाचा तोच विषाणू पुढे आपल्या देशी रोटाव्हॅक लशीचा आधार झाला. तिची मोठी चाचणी २०११ मध्ये सुरू झाली. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातलं वढू या तीन ठिकाणची मिळून ६,७९९ बाळं. कार्यकर्ते दर आठवड्याला घरी जायचे, जुलाब किती, उलट्या किती, ताप किती हे लिहायचे. त्यावरून २० पैकी गुण द्यायचे, ११ किंवा जास्त म्हणजे गंभीर. लशीमुळे पहिल्या वर्षात रोटाचे गंभीर जुलाब सुमारे ५६ टक्क्यांनी कमी झाले. हा ५६ कुठल्या यंत्रातून आला नाही. कुणीतरी दारात उभं राहून, तिथल्या तिथे लिहिलेल्या आकड्यांतून तो आला. २०१९ पासून महाराष्ट्रात रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात फुकट मिळते: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना.

इथे तिसऱ्या रांगेत एक आजी नातवंडाला घेऊन बसल्या आहेत. आजी, बाळाचं कार्ड बघा, तीन डोस पूर्ण आहेत ना? आणि जुलाब झाले तर अंगावरचं दूध बंद करू नका. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात असं नाही. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी.

मागे उभ्या असलेल्या मुलांनो, तुमच्या हातात फोन आहे. त्यात लिहा, हरकत नाही. पण समोर घडत असताना लिहा. कॉमर्सवाल्यांनी लिहा, आर्ट्सवाल्यांनी लिहा. घरात आजोबांना औषध दिलं, वेळ लिहा. नळाला पाणी आलं नाही, तारीख लिहा. तुम्हाला वाटेल, बाई एकच गोष्ट किती वेळा सांगतायत. सांगणारच.

प्राचार्य घड्याळ बघतायत, बक्षिसं वाटायची आहेत. सर, तुमची तब्येत बरी नसताना तुम्ही आलात. मी ती शहापूरची वही आणली आहे. कडा ओल्या झाल्यात, काही पानांवर चिखलाचे डाग आहेत. कार्यक्रम झाल्यावर पाच मिनिटं बघाल का?