पंखावरची नक्षी आणि तिचा मुलूख

फुलपाखराच्या पंखांवरील रंग ही निसर्गाची केवळ हौस होय, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु पाखराची जात व उपजात ओळखावयाची ती बहुधा या रंगांवरूनच. त्या कामी डोळा कसा फसतो, याचे उत्तम उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या अरण्यांत पाहावयास सापडते.

त्या अरण्यांत हेलिकोनियस वंशाच्या एराटो व मेल्पोमेनी या दोन जाती नांदतात. १७५८ साली लिनीयसने ग्रीक कलादेवतांवरून त्यांचे नामकरण केले. महाराष्ट्रातील बागांतून दिसणाऱ्या कृष्णकमळाच्या वर्गातील वेलींवर त्यांच्या अळ्या पोसतात. दोन्ही जातींच्या अनेक उपजाती आहेत. उपजाती म्हणजे जातीने एकच, परंतु निरनिराळ्या मुलखांत राहून निराळे रूप धारण केलेले गट. त्यांच्या सीमा जेथे भिडतात, तेथे त्यांचा सहज संकर होतो.

तारापोतो शहराच्या आसपासच्या एराटोच्या पुढील काळ्या पंखावर रुंद तांबडा पट्टा असतो आणि मागील पंखावर पिवळी आडवी रेघ. ही ‘फॅव्होरिनस’ उपजाती. डोंगर ओलांडून ॲमेझॉनच्या सखल प्रदेशात उतरावे, तो तेथील ‘एम्मा’ उपजातीच्या पुढील पंखावर पिवळे डाग व मुळाशी तांबूस-नारिंगी रंग दिसतो, आणि मागील पंखावर सूर्यकिरणांसारख्या तांबड्या रेघा पसरलेल्या असतात. नवल असे की, मेल्पोमेनीनेही तारापोतोस पट्टाच धारण केला आहे व सखल प्रदेशात किरणच! त्या दोन उपजातींना अनुक्रमे ‘अमॅरिलिस’ व ‘अग्लाओपे’ म्हणतात. म्हणजे पाखरू आपल्या दूरच्या सख्ख्या भावंडाहून शेजारच्या परक्यासारखेच अधिक दिसते.

यामुळे पारख करणाऱ्यास दोन पायऱ्यांनी जावे लागते. ठळक नक्षीवरून मुलूख कळतो. जात कळण्यासाठी पंख उलटून मुळाजवळच्या बारीक तांबड्या ठिपक्यांची मांडणी न्याहाळावी लागते. दोन्ही गोष्टी जुळल्या, म्हणजेच उपजात निश्चित होते.

या साम्याचे कारण जर्मन निसर्गशास्त्रज्ञ फ्रिट्झ म्युलर याने १८७८ साली मांडले. ही दोन्ही पाखरे पक्ष्यांना बेचव लागतात. दोघांची खूण एकच असली, म्हणजे ती शिकताना पक्षी जी थोडी पाखरे मारतात, त्यांचा तोटा दोन्ही जातींत वाटला जातो. जेम्स मॅलेट व निक बार्टन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या तर्काची कसोटी लागली. त्यांनी एराटोची पाखरे सीमेपलीकडे नेऊन सोडली. तेव्हा परक्या नक्षीची पाखरे स्थानिकांच्या मानाने सुमारे निम्म्यानेच तगली. तेथे अनोळखी पट्टा म्हणजे प्राणावरचे संकट!

पुढे २०११ साली असे दिसून आले की, दोन्ही जातींतील तांबड्या रंगाची मांडणी ‘ऑप्टिक्स’ नावाच्या एकाच जनुकाशी निगडित आहे. म्हणूनच केवळ रंगसाम्यावरून नाते जोडणे धोक्याचे ठरते.

संग्रहालयातील पेटीत टाचणीखाली लहानशी चिठ्ठी असते. तीवर स्थळ व तारीख लिहिलेली असते. पाखराच्या सौंदर्यापुढे ती क्षुल्लक वाटते. वस्तुतः ती हरवली, तर पंखावरच्या खुणेची निम्मी साक्षच नाहीशी होते.