ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय आणि आमचा एक शेरा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिक झालेले एक सेवानिवृत्त शिक्षक. ध्वनीच्या शास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय, अशी शंका आपणांस येईल आणि ती रास्तच आहे. परंतु या विषयात आमच्या हातून एक चूक घडली. ज्या मंडळात घडली, त्या मंडळापुढेच ती बोलून दाखवावी, म्हणून आम्ही उभे आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही शिष्यवृत्ती समितीवर असताना बारावी शास्त्र शाखा उत्तीर्ण झालेल्या एका मुलाचा अर्ज आला. त्यास ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घ्यावयाचे होते. आम्ही अर्जावर शेरा मारला, 'लग्नात कर्णे लावण्यास शिष्यवृत्ती कशास?' समितीत हशा पिकला आणि अर्ज नामंजूर झाला. मुलगा गरिबाचा. तो एका मंडपवाल्याकडे पेट्या उचलण्यास लागला आणि पुढे एका नाटकमंडळीबरोबर ध्वनीचे काम पाहत हिंडू लागला. गेल्या हिवाळ्यात त्यांचा प्रयोग आमच्या गावी शाळेच्या मैदानावर होता. तो घरी आला, पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, दुपारीच या. काम दाखवतो."

आम्ही गेलो. प्रयोग रात्री नऊचा, पण हा दुपारी एकपासून राबत होता. विजेच्या तारा एका अंगाने, मायक्रोफोनच्या तारा दुसऱ्या अंगाने. जेथे त्या एकमेकींस ओलांडतात तेथे काटकोनात. दोन्ही शेजारी शेजारी पसरल्या तर ध्वनिवर्धकातून घरघर ऐकू येते, असे त्याने सांगितले. मग तो मुद्दाम आवाज वाढवीत गेला, तोच कर्णकर्कश शिट्टी वाजली. ही शिट्टी आपल्या प्रत्येक संमेलनात वाजते आणि आपण माइकवाल्यास बोल लावतो! कर्ण्यातून निघालेला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा कर्ण्यातून निघतो आणि असा फिरत फिरत फुगतो. शिट्टी कोणत्या स्वराची हे त्याने कानानेच ओळखले, तेवढाच स्वर यंत्रावर खाली केला आणि पुढे गेला.

परंतु आम्हांस खरा धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. मैदान लांब, म्हणून रंगमंचापासून सुमारे ३४ मीटरांवर त्याने आणखी दोन कर्णे उभे केले होते. ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, हे आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. तारेतून आवाज मागच्या कर्ण्यांपर्यंत तत्काळ पोहोचतो. रंगमंचावरचा आवाज हवेतून यावयास सेकंदाचा दहावा भाग घेतो. मागच्या प्रेक्षकास प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. म्हणून या मुलाने मागच्या कर्ण्यांचा आवाज तेवढाच उशिरा सोडला. आमच्या पाठ्यपुस्तकातील आकडा त्याच्या हातात हत्यार झाला होता. तो शेरा आम्हांस तेव्हा आठवला. त्याने मात्र त्याचा उल्लेखही केला नाही.

या कामास महाराष्ट्रात परंपराही आहे. प्रभात फिल्म कंपनीचे ध्वनिमुद्रण सांभाळणारे विष्णुपंत दामले मूळचे चित्रकलेकडचे. बोलपट १९३१-३२ साली आला, तेव्हा हे नवे शास्त्र त्यांनी काम करता करताच आत्मसात केले. पुण्यातील त्याच प्रभातच्या आवारात १९६० साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तेथे ध्वनिमुद्रणाचा पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश परीक्षेने मिळतो. तेथेच शिकलेले रसूल पुकुट्टी यांना २००९ साली इतर दोघांसमवेत ऑस्कर पारितोषिक मिळाले. 'लगान' (२००१) या चित्रपटात संवाद चित्रीकरणाच्या वेळीच टिपले गेले. तत्पूर्वीच्या बहुतेक हिंदी चित्रपटांत ते मागाहून स्टुडिओत भरले जात. अशा रीतीने काम करावयाचे, तर चित्रीकरणस्थळीही कसबी माणसे लागतात.

मुलांनी प्रारंभ कसा करावा? पदार्थविज्ञान टाळू नये. तारेस डाख देता यावा. तार गुंडाळताना एक वेढा वरून व एक खालून घ्यावा, म्हणजे पीळ बसत नाही. कोणीही जाणता माणूस नवख्याची परीक्षा प्रथम यातच घेतो. मोबाइलवर घरातलेच आवाज टिपावेत आणि बंद खोलीत व अंगणात तोच आवाज निराळा का येतो, याचा विचार करावा. काही महिन्यांच्या शिक्षणासाठी लाखांनी शुल्क मागणाऱ्या संस्थाही पुष्कळ निघाल्या आहेत. पालकांनी तेथे एकच विचारावे: आमच्या मुलास यंत्रावर स्वतःच्या हाताने किती तास बसावयास मिळेल? उत्तर आकड्यात न आल्यास सरळ घरी यावे.

उणी बाजूही सांगितली पाहिजे. पहिली दोन-चार वर्षे ओझी वाहण्यात जातात. पावसाळ्यात काम थंडावते. रात्री जागाव्या लागतात. कानाची जोखीम तर मोठीच. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालेल असे तज्ज्ञ मानतात, पण दर ३ डेसिबलमागे ती मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलपाशी ती पाव तासच उरते. गेलेला कान परत येत नाही. कानात बोळे घालण्यास लाजणाऱ्या मुलाने या धंद्यात पडूच नये.

आणि एक घरगुती गोष्ट. आपल्या वधूवर मेळाव्यात या मुलाने 'व्यवसाय' या रकान्यात 'साउंड इंजिनिअर' असे लिहिले. दोन घरांनी चौकशी केली, "कंपनी कोणती?" कंपनी नाही असे कळताच दोन्ही घरे गप्प झाली. त्या घरांस आम्ही दोष देत नाही. आम्ही स्वतः त्याहून अधिक केले आहे.

शिष्यवृत्तीच्या नियमांत वैद्यकी, अभियांत्रिकी व वाणिज्य एवढेच विषय आहेत. त्यांत ध्वनिमुद्रण व तत्सम कसबांचे शिक्षण घालावे, असा लेखी ठराव आम्ही आज चिटणीसांकडे दिला आहे. त्यावर अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे. तो जुना अर्जही आमच्या शेऱ्यासह कार्यालयातील फाइलीत आहे. ठरावासोबत तोही सभेत वाचून दाखवावा, अशी आमची चिटणीसांना विनंती आहे.