म्हैस गाभडली, ताप मला आला

(पशुपालक महिलांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही. तीन जनावरं सांभाळणारी बाई आहे आणि संघटनेचं काम करते. आज एका तापाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव ब्रुसेलोसिस. नाव अवघड असलं तरी त्याची वाट आपल्या गोठ्यातूनच जाते.

आमची म्हैस सातव्या महिन्यात गाभडली. जार अडकला होता, तो मी उघड्या हातांनी काढला. गवत कापून हाताला चिरा पडलेल्याच होत्या. म्हशीसाठी त्याच दिवशी डॉक्टर आले. तीन आठवड्यांनी मला ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामाने साडी भिजायची, सकाळी उतरायचा. कंबर, गुडघे धरले. मला दवाखान्यात न्यायला मात्र दीड महिना लागला. कुणी टायफॉईड म्हणालं, कुणी मलेरिया. तपासणीत काही निघेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मनाला लावून घेता तुम्ही." घरात म्हणाले, कामाचा कंटाळा. असे आठ महिने गेले. त्यात धारा एक दिवस चुकल्या नाहीत.

मग दुसरी म्हैस गाभडली. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला ताप येतो का?" हा प्रश्न मला माणसांच्या एकाही डॉक्टरने विचारला नव्हता. रक्त तपासलं आणि निदान झालं. दोन औषधं एकदम, सहा आठवडे. मधेच सोडली तर ताप परत येतो.

हे फक्त माझ्याच बाबतीत घडलं असं समजू नका. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांना माल्टा बेटावर या तापाचा जंतू सापडला. तो शेळ्यांच्या दुधातून येतो हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित यांनी दाखवलं. पुढे अमेरिकेत ॲलिस इव्हान्स या बाईंनी सिद्ध केलं की गाई गाभडवणारा जंतू याच जातीचा आहे आणि कच्चं दूध धोक्याचं आहे. हे त्यांनी १९१७-१८ मध्ये मांडलं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्यांचं म्हणणं उडवून लावलं. १९२२ मध्ये त्यांनाच हा आजार जडला, आणि त्यांच्या दुखण्यालाही मनाचा आजार ठरवलं गेलं. एवढ्या शिकलेल्या बाईची ही गत, तर आपलं कोण ऐकणार?

आपण दूध उकळतो, त्यामुळे ती वाट बरीचशी बंद होते. पण गोठ्याची वाट उघडी राहते. पडलेला गाभ, जार, त्यातलं पाणी यांत जंतू भरपूर असतात. ते हाताच्या चिरेतून, डोळ्यांतून, श्वासातूनही शिरतात. आणि हे काम कोण करतं? वेत काढणं, जार उचलणं, गोठा धुणं आपल्याकडे. डेअरीचं खातं मालकाच्या नावावर. दुधाचा पैसा त्याचा आणि ताप आपला, अशी ही वाटणी आहे.

म्हणून काही गोष्टी आजपासून करायच्या. जनावर गाभडलं तर उघड्या हाताने शिवायचं नाही. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधा, नाकातोंडाला फडकं बांधा. गाभ आणि जार चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. गरोदर बाईला या कामाला लावूच नका, तिचाही गर्भ पडू शकतो. रेंगाळणारा ताप असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, "आमचं जनावर गाभडलं होतं." आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना लस टोचून घ्या. २०१९ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ती आहे. आपल्यासाठी मात्र लस नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगायला जड जातं. पहिली म्हैस आम्ही बाजारात विकली. ती गाभडली होती हे घेणाऱ्याला सांगितलं नाही. तेव्हा आजाराचं नाव ठाऊक नव्हतं, पण ती गाभडली हे तर ठाऊक होतं. कर्जाचा हप्ता होता. आज वाटतं, ती कुठल्यातरी बाईच्या दावणीला बांधली गेली असेल आणि त्या बाईने उघड्या हातांनी तिचा जार काढला असेल. जंतू असलेलं जनावर औषधाने खात्रीने बरं होत नाही. मग गरीब घराने करायचं काय? गप्प राहून विकायचं?

म्हणून आपली मागणी एकट्या-दुकट्या बाईच्या सावधगिरीवर थांबता कामा नये. दूध संस्थेने पेंडीबरोबर हातमोजेही द्यावेत. सभासद म्हणून आपलं नाव लागावं. तालुक्याच्या दवाखान्यात या तापाची तपासणी मोफत व्हावी. बाधित जनावराची भरपाई मिळावी, म्हणजे खरं बोलणं परवडेल.

गावी गेल्यावर एक काम करा. ज्या घरात जनावर गाभडलं, तिथल्या बाईला विचारा, "तुला ताप येतो का गं?" मला हा प्रश्न आठ महिने उशिरा विचारला गेला. तिला तो वेळेवर विचारूया.