जी बैठकीला नव्हती, तिचं काय?

(तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



वेगवेगळ्या गावांत विखुरलेली टीम कशी चालवायची, यावर मी आज बोलणार आहे. तुमच्यापैकी अनेकजण नोकरीत अशा टीममध्ये काम करता. आपल्या संघटनेचं कामही आता तसंच झालंय. कोणी पुण्यात, कोणी मालेगावात, कोणी रत्नागिरीत, तर कोणी नोकरीसाठी दुबईत नाहीतर रियाधमध्ये.

व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि झूमची लिंक पाठवली की टीम झाली, असं आपल्याला वाटतं. लिनक्सचं उदाहरण पाहा. 1991 मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने ते सुरू केलं आणि पुढे जगभरातल्या हजारो लोकांनी वाढवलं. हे लोक एका छताखाली बसत नव्हते. मग जमलं कसं? बदल सुचवताना तो का हवा, हे लिहायचं आणि त्यावरची चर्चा सगळ्यांना वाचता येईल अशी ईमेलवर करायची. म्हणजे दूर बसलेल्यालाही तेच दिसतं, जे जवळच्याला दिसतं.

आपल्याकडे गाडी अडते ती अर्धे लोक खोलीत आणि अर्धे फोनवर असतात तेव्हा. बैठक संपते, लॅपटॉप बंद होतो आणि खरा निर्णय खाली चहाच्या टपरीवर होतो. मालेगावच्या मुलीला तो दुसऱ्या दिवशी कळतो. ती ऑनलाइन का आलेली असते? बऱ्याचदा रात्री घराबाहेर पडता येत नाही म्हणून. कधी फोनही भावाचा असतो. बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेत बायकांनाच निर्णय सर्वांत शेवटी कळत असतील, तर आपण सुधारणा कोणाची करतोय?

म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, एक जण जरी ऑनलाइन असेल, तर सगळ्यांनी आपापल्या फोनवरून बैठकीत यावं. टपरीवर सुचलेलं ग्रुपवर सूचना म्हणून टाका, निर्णय म्हणून नको.

दुसरी, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे तीन ओळींत लिहा. पाच मिनिटांची व्हॉइस नोट नको. भावाच्या फोनवर ती सगळ्यांसमोर ऐकता येत नाही, मजकूर वाचता येतो. हरकत घ्यायला दोन दिवस ठेवा.

तिसरी, वेळ आळीपाळीने बदला. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा दुबईत साडेसात आणि रियाधमध्ये साडेसहा वाजलेले असतात. सौदीत सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, त्यामुळे आपली रविवारची निवांत सकाळ तिथल्या साथीदाराच्या कामाची असते. रमजानमध्ये इफ्तार आणि तरावीहची वेळही पाहा.

चौथी, गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. निळी टिक आली म्हणजे पटलं, असं धरू नका. जी बोलली नाही, तिला स्वतंत्र फोन करा. कामाआधी घरची खुशाली विचारा.

आपल्या घरांत मशवरा हा शब्द नेहमीचा आहे. ज्याला बोलायची संधीच मिळाली नाही, त्याच्यापुरता तो मशवरा झालाच नाही.

आज घरी गेल्यावर आपल्या ग्रुपचे शेवटचे तीन निर्णय शोधा. ते कुठे लिहिलेत आणि आधी कोणाला कळले, एवढं पाहा. पुढच्या बैठकीची सुरुवात तिथूनच करू.